प्रेमकवितेवरच्या लेखात कॅटलान कवी राहूनच गेले

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत मध्ययुगीन युरोपातल्या प्रेमकवितेवर लेख होता, वाचला, आवडलाही, पण दान्ते आणि पेत्रार्क हे इटलीचे दोन कवी झाले की विषय संपला असं लेखकाने का धरलं कळलं नाही. वर निष्कर्ष काय, तर त्या काळातली प्रेयसी म्हणजे कवीला देवाकडे नेणारी वाट. दान्तेपुरतं ठीक आहे हो, पण कॅटलान, म्हणजे स्पेनच्या पूर्वेकडच्या भागातल्या भाषेतल्या, कवितेत हे इतकं सोपं कधीच नव्हतं.

मायोर्का बेटावरचा तेराव्या शतकातला रामोन ल्युलच घ्या. बायको-पोरं असलेला माणूस, रात्री पलंगाशी बसून भलत्याच बाईसाठी प्रेमगीत रचतोय आणि उजवीकडे बघतो तर क्रूसावरचा ख्रिस्त! घाबरून झोपला, आठवड्याभराने गडी परत तेच गाणं पुरं करायला बसला. मग परत दर्शन. असं पाच वेळा झालं तेव्हा कुठे सुधारला. ही हकिकत त्याने स्वतःच म्हातारपणी, 1311 मध्ये पॅरिसला सांगून लिहवली आहे. पुढे त्याने देवालाच प्रियकर करून लिहिलं, ते सुंदर आहेच, पण मला विचाराल तर ल्युल सुटला, बाईवरचं प्रेम की देवावरचं हे त्याचं भांडण मिटलं.

ज्याचं मिटलं नाही तो व्हॅलेन्सियाचा आउझिआस मार्क (1400 ते 1459). सरदार, आल्फोन्सो राजाच्या आरमारी मोहिमांवर गेलेला, नंतर राजाच्या शिकारी ससाण्यांचा प्रमुख. त्याच्या आधीचे कॅटलान कवी, अगदी त्याचा बापसुद्धा, दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्साल भाषेच्या वळणाने लिहायचे, याने ते सोडून आपल्या कॅटलानमध्ये लिहिलं. त्याच्या 128 कविता आहेत आणि त्यात सहा मृत्यूगीतं. प्रेयसी मेलीय आणि याला दुःखापेक्षा मोठी धास्ती ही की ती गेली कुठे, स्वर्गात का नरकात? आणि नरकात असेल तर माझ्यामुळे तर नाही ना? 96 व्या कवितेत तो तिच्या आत्म्याला म्हणतो, मेलेल्यांचा रिवाज मोड, परत ये आणि तुझं काय झालं ते दाखव. आणि देवाला सांगतो की ती नरकात असेल, त्यातून माझ्यापायी असेल, तर माझा आत्माच पुसून टाक, माझं काहीच उरू देऊ नकोस. स्वतःचं तारण व्हावं म्हणून प्रार्थना करायची सोडून हा माणूस नाहीसं व्हायला मागतोय! यात कुठली आलीय देवाकडे नेणारी प्रेयसी?

नंतरचं त्याचं आध्यात्मिक गीत तर मी कितीदा वाचलं असेल (इंग्रजीतून, कॅटलान मला येत नाही). तुझ्यावाचून कुणी तुझ्यापर्यंत पोचत नाही तर हात दे नाहीतर केसांना धरून उचल, आणि मी हात पुढे केला नाही तर जबरदस्तीने ओढ, अशी सुरुवात. मग सरळ कबुली की देवा, माझं तुझ्यावर प्रेम कमी, तुझी भीतीच जास्त आहे. आम्ही वसईचे कॅथलिक, कन्फेशनच्या आधी पूर्ण आणि अपूर्ण पश्चात्ताप लहानपणीच शिकवतात, देवावरच्या प्रेमापोटी झालेला तो पूर्ण आणि शिक्षेच्या भीतीपोटी झालेला तो अपूर्ण. मार्क कवितेच्या शेवटी नेमकं हेच घेतो, गोड आसवं पूर्ण पश्चात्तापाची, कडू आसवं भीतीची, आणि म्हणतो मला ही कडूच भरपूर दे, कारण गोड आसवांकडे जायचा रस्ता त्यांच्यातूनच जातो. प्रेमावर आयुष्यभर लिहिणाऱ्याला देवावर मात्र प्रेम करता येत नाही आणि ते तो लपवत नाही, मला तर हे दान्तेच्या काव्यातल्या सगळ्या स्वर्गापेक्षा खरं वाटतं. पटणार नाही अनेकांना, माहितीय.

तर विनंती एवढीच की पुढच्या एखाद्या पुरवणीत निदान त्या 96 व्या कवितेचं मराठी भाषांतर छापा, थेट कॅटलानमधून करणारं कुणी मिळालं तर फारच छान. आणि लेखासोबत परत तेच दान्ते आणि त्याची प्रेयसी बिआत्रिस यांचं पुलापाशी भेटल्याचं पेंटिंग नको, प्लीज.

आपला,
एक वाचक, वसई