चिवल्याच्या गॉगलवाल्या काकांना

काका, नमस्कार. तुमचं नाव विचारायचंच राहिलं म्हणून हे असं उघड्यावर लिहितेय. मालवणच्या डिसेंबरमधल्या समुद्रात पोहण्याच्या स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी चिवला बीचवर दर पाच मिनिटांनी थांबून गॉगलमधलं पाणी ओतणारी पुण्याची बाई आठवतेय का? ती मी.

टँकमध्ये गॉगल गळला तरी चालून जातं हो, भिंत आली की धरायची, पाणी काढायचं, परत निघायचं. समुद्रात भिंत कुठली, त्यात खारं पाणी डोळ्यात चुरचुरतंय, मी आपली पट्टा आवळतेय, अजून आवळतेय आणि भुवयांच्या वर ठणका लागलेला. तुम्ही नुसतं बघितलंत आणि म्हणालात, "अगो, गळता म्हणान आवळतस आणि आवळतस म्हणान गळता." मग पट्टा न लावता गॉगल डोळ्यांवर हलकेच दाबून हात सोडायला लावलात. दोन-तीन सेकंद तरी चिकटून राहायला हवा ना, माझा लगेच वाळूत. गॉगलचा नाकावरचा पूल, म्हणजे दोन काचा जोडणारा भाग, माझ्या नाकाला रुंद होता, एवढंच कारण, आणि मी वर्षभर स्वतःच्या चेहऱ्याला दोष देत होते!

तुमचा जादाचा गॉगल दिलात तो मोठ्या फ्रेमचा, मऊ सिलिकॉनचा, खोबणीत न रुतता बाहेरच्या हाडावर बसणारा. काचा मिररवाल्या, मला वाटलं काकांची स्टाईल आहे. दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळी आत जाताना सूर्य पाठीमागे होता, काही वाटलं नाही, पण बोयाला, म्हणजे वळायच्या तरंगत्या खुणेला, वळसा घालून किनाऱ्याकडे तोंड केलं आणि माडांच्या वरून ऊन सरळ डोळ्यात, तरी मला फिनिश दिसत होतं. शेजारची साध्या पारदर्शक काचांचा गॉगल लावलेली मुलगी मान वर काढून मलाच विचारत होती की जायचं कुठे.

आणि पट्ट्यावरून दुसरी टोपी घालायला सांगितलीत ते तर फारच कामी आलं. स्टार्टच्या गर्दीत कोणाचा तरी पाय सणसणीत तोंडावर बसला, गॉगल जरा सरकला पण गेला नाही.

फक्त काच धुरकटू नये म्हणून थुंकी लावायची ते माझ्याच्याने होणार नाही, मी थेंबभर बेबी शाम्पू लावून खंगाळते. आतून बोट मात्र फिरवत नाही, कोटिंग जाईल म्हणालात ते लक्षात आहे.

फिनिशनंतर तुम्हाला खूप शोधलं, सापडला नाहीत. गॉगल गोड्या पाण्यात धुऊन डबीत ठेवलाय. पुढच्या डिसेंबरला घेऊन येते, तेव्हा लाल टोपीच घाला म्हणजे ओळखता येईल.