डायलिसिसच्या खाटेशेजारी बसणाऱ्यांचे आभार

आठवड्यातून 3 वेळा, दर वेळी साधारण 4 तास सोबत बसणाऱ्या चर्चच्या मंडळीतल्या भावाबहिणींनो, नावं न घेता आभार मानतो.

फिस्टुलाचा (डायलिसिसच्या सुयांसाठी रक्तवाहिन्या जोडलेला) हात दाबायचा नसतो, म्हणून प्रार्थनेला तुम्ही दुसरा हात धरलात. शहाळं, केळी आणली नाहीत. दोन्हींत पोटॅशियम भरपूर, आणि रक्तात ते वाढलं की हृदयाची लय बिघडते. (आजाऱ्याला भेटायला जाताना आधी शहाळंच सुचतं, हे मान्य!) सुया काढल्यावर अंगात त्राण नसतं, तेव्हा बायबलमधलं स्तोत्र 121 तेवढं वाचलंत, अवघी 8 वचनं. प्रभुभोजनाचा घोटही दिवसाच्या मोजक्या पाण्यात धरलात.

आणि ‘विश्वास कमी पडतोय’ असं कुणी म्हणालं नाही, हे सगळ्यात मोठं. प्रेषित पौलाच्या शरीरातला काटाही, म्हणजे त्याला छळणारा त्रास, प्रार्थना करूनही निघाला नव्हताच. 2 करिंथ 12 पाहा. गोळ्या मात्र वेळेवर घ्यायला लावल्यात.