पाताळदेवताहंता म्हणजे कोण, ते पोरांना कळू द्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की हनुमान जयंतीच्या कीर्तनात अहिरावण महिरावणाची कथा सांगणं आता बंद करावं, कारण महिरावण हा पाताळाचा राजा वाल्मीकींच्या मूळ रामायणात नाहीच, तो मागनं कुणीतरी घुसडलाय, आणि असल्या कथांनी पोरांच्या डोक्यात जादूटोणा भरतो. ते पत्र मी दोनदा वाचलं, मग कात्रण काढून ठेवलं, आणि चार दिवस मनात घोळवून आज लिहायला बसलीय. पत्र लांबलं तर कापू नका ही विनंती.

आधी त्यांचं जे खरं आहे ते मान्य करते. महिरावण वाल्मीकींच्या रामायणात नाही. तो माणसांनी नंतर रचलेला राजा आहे, कल्पनेतला. पण साहेब, म्हणून तो टाकाऊ कसा झाला? उलट एवढं पात्र लोकांनी आपल्या मनानं उभं केलं आणि शेकडो वर्षं तोंडातोंडी सांभाळलं, ह्याचं मला तरी लई अप्रूप वाटतं.

मी वाळवा तालुक्यातली. कृष्णाकाठी बहे बोरगावच्या जवळ राहते. ३१ वर्षं अंगणवाडीत काम केलं, आता घरीच असते. शनिवारी मारुतीच्या देवळात पोरं भीमरूपी म्हणतात ती ऐकायला जाते. पोरं एका दमात म्हणतात हो, अगदी गाडी सुटल्यासारखी. मागच्या शनिवारी मी सहज एकाला विचारलं, बाळा ते पाताळदेवताहंता म्हणतोस ते काय? तो गप्प. दुसरा गप्प. मग शेजारी बसलेल्या मोठ्या माणसांना विचारलं, त्यातली काही माझ्याच वयाची, तर ती पण एकमेकांकडं बघायला लागली. सगळा जन्म तो शब्द म्हणत आली माणसं आणि त्याच्या मागं एक अख्खा राजा, त्याचं राज्य, त्याची देवी आणि त्याचं मरण दडलंय हे कुणाला माहीत नाही. समर्थांनी एका शब्दात ती सगळी कथा बांधून ठेवली, कारण त्या काळी ती घराघरात माहिती होती, नुसता शब्द उच्चारला तरी पुरायचं. आता गाठोडं आहे पण आत काय बांधलंय ते सांगणारं कुणी उरलं नाही.

तर आमची आजी सांगायची ती कथा थोडक्यात लिहिते, कारण पत्र लिहिणाऱ्या त्या गृहस्थांनी ती पूर्ण ऐकली नसावी असं मला वाटतं.

महिरावण हा पाताळाचा राजा. कुठं तो रावणाचा मुलगा, कुठं भाऊ, कुठं मित्र. आपल्या मराठीत अहिरावण आणि महिरावण अशी जोडी आहे आणि त्यांच्या नगरीचं नाव महिकावती. त्यानं पाताळातल्या देवीची उपासना करून तिला प्रसन्न करून घेतलं आणि मायावी विद्या मिळवली. त्याची सगळ्यात मोठी विद्या कुठली म्हणाल तर झोप. हो, झोप. हा राजा डोंगर फेकत नव्हता की आग ओकत नव्हता, तो माणसाला झोपवायचा. आजी म्हणायची, बाई, लढणारा शत्रू परवडला पण हा असला नको. मोठमोठे योद्धे हातात शस्त्र असताना घोरायला लागायचे, आणि ह्याचं राज्य खाली पाताळात बिनघोर चाललेलं, वर पृथ्वीवर कुणाला पत्ता नाही.

तिकडं लंकेत इंद्रजित पडला, रावणाचा एक एक माणूस संपत आला, तेव्हा त्याला हा आठवला. बिभीषणाला कुणकुण लागली म्हणून त्यानं सगळ्यांना सावध केलं. मारुतीनं आपली शेपटी वाढवून राम लक्ष्मणाभोवती गोल गोल गुंडाळून कोट केला आणि वर बसला पहाऱ्याला. तरी महिरावणानं डाव साधलाच. काही ठिकाणी सांगतात की तो बिभीषणाचंच रूप घेऊन आला आणि मारुतीनंच त्याला आत सोडला. आजीच्या कथेत तो खालनं भुयार खणून आला आणि दोघा भावांना निजल्या जागेसकट उचलून घेऊन गेला. ह्या जागेला आजी थांबायची. आम्ही सगळी पोरं गप्प. ज्वारीच्या सुपात हात तसाच, आणि चुलीतलं लाकूड तेवढं तडतडायचं. मारुतीच्या पहाऱ्यातनं देव चोरीला गेले, हे ऐकताना पोटात खड्डा पडायचा.

सकाळी बघतात तर कोट शाबूत आणि आत कुणी नाही. मग मारुतीला पत्ता लागला तो कसा, तर झाडावर पाखरांची जोडी बोलत होती. कुठं गिधाडं म्हणतात, कुठं कबुतरं. मादी गाभण, तिला डोहाळे लागलेले, आणि नर तिला सांगतोय, थांब जरा, पाताळात देवीपुढं दोन राजपुत्रांचा बळी द्यायचाय, मग हवं तेवढं मिळेल. एवढा बलभीम, पण त्याचं काम झालं ते पाखरांचं बोलणं कान देऊन ऐकल्यानं. पाताळाच्या दारात त्याला अडवलं मकरध्वजानं, म्हणजे मारुतीच्याच घामाच्या थेंबापासून मगरीच्या पोटी झालेला मुलगा. बापलेकाची ओळख नाही, दोघांची झटापट. मग ओळख पटते. आजी हे इतकं हळू सांगायची की आमची आई पदरानं डोळे पुसायची.

पुढचं देवळातलं तर पोरांचं एकदम लाडकं. मारुती बारीक होऊन देवळात शिरला, पाताळदेवीला तिच्या जागेवरनं हटवलं आणि स्वतः तिथं बसला. भीमरूपीतला पाताळदेवताहंता हा इथला. आणि मग देवीच्या आवाजात आतनं हुकूम, दार उघडू नका, नैवेद्य झरोक्यातनं टाका! पाताळातले लोक टाकतात आणि हा खातो. माझ्या अंगणवाडीत इथं मी पोरांनाच विचारायची, अजून काय टाकलं रे? पुरणपोळी! भडंग! गुळाची ढेप! एकानं तर सांगितलं ऊसाची ट्रॉली. हसू आवरायचं नाही पोरांना.

मग महिरावण मारायचा कसा? बाण मारला तरी तो उठतोय. कारण त्याचे भुंगे अमृत आणून त्याच्यावर शिंपडत होते. चंद्रसेना नावाच्या नागकन्येकडनं हे गुपित कळलं, मारुतीनं ते भुंगे गाठले, आणि मग कुठं तो पडला. दुसऱ्या एका कथेत पाच दिशांना पाच दिवे आहेत, ते एकाच फुंकरीत विझले तरच हा मरणार, म्हणून मारुतीनं पाच तोंडं केली. पंचमुखी मारुती तो हाच, पूर्वेला त्याचं स्वतःचं तोंड, दक्षिणेला नरसिंह, पश्चिमेला गरुड, उत्तरेला वराह आणि वर आकाशाकडं हयग्रीव. मी अंगणवाडीत पाच पोरांना पाच बाजूंना पणत्या घेऊन उभं करायची आणि म्हणायची, एकदम विझवा. कधी म्हणजे कधीच एकदम विझल्या नाहीत, एखादी राहायचीच. मग एखादी चिमुरडी आपसूक म्हणायची, बाई, म्हणून त्याला पाच तोंडं लागली होय. एवढं कळायला कुठलं पुस्तक लागलं नाही.

बंगालमध्ये कृत्तिवासांनी पंधराव्या शतकात जे रामायण लिहिलं त्यात ह्याचा शेवट अजून वेगळा आहे आणि तो मला फार आवडतो. महिरावण रामाला म्हणतो, देवीला साष्टांग नमस्कार घाल. राम म्हणतो, मी राजपुत्र, मला कुणापुढं पालथं पडायची सवय नाही, तूच करून दाखव. तो दाखवायला वाकला आणि मारुतीनं देवीच्याच तलवारीनं त्याची मान उडवली. वेताळाच्या पंचवीस गोष्टी ज्यांनी ऐकल्यात त्यांच्या लगेच ध्यानात येईल, तिथं विक्रम राजा त्या कपटी जोग्याला असाच संपवतो. म्हणजे मांत्रिकाला त्याच्याच विधीत अडकवायचं ही युक्ती आपल्या लोकांना फार जुन्या काळापासून माहीत होती.

आता सांगा, ह्यात जादूटोणा शिकवणारं काय आहे? जादूटोणा करतो तो हरतो. जो जिंकतो त्यानं एकही मंत्र म्हटलेला नाही. त्यानं पाखरांचं ऐकलं, बारीक झाला, आपली चूक झाली ती भरून काढायला पाताळात गेला. नरबळी द्यायला निघालेल्या राजाचा नाश होतो ही कथा आजच्या पोरांना सांगायची नाही तर कुठली सांगायची? गुप्तधनासाठी, पावसासाठी, मूल व्हावं म्हणून बळी दिल्याच्या बातम्या तुमच्याच पेपरात मी वाचल्यात, आणि महाराष्ट्रात २०१३ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. त्या कायद्यासाठी ज्यांनी जन्म घालवला ते डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्या साताऱ्याचेच. मला तर वाटतं आजी तिच्या परीनं तेच सांगत होती.

आणि ही कथा काय फक्त आमच्या गावंढळ लोकांची नाही. श्रीधरस्वामी नाझरेकरांनी १७०३ साली पंढरपुरात रामविजय पुरा केला त्यात ती आहे, आणि ती पोथी सातारा सांगलीतल्या कितीतरी घरांत पिढ्यानपिढ्या वाचली गेली. माझा पुतण्या कंपनीच्या टूरवर बँकॉकला गेला होता, तिथनं त्यानं राजवाड्यातल्या बुद्धाच्या देवळाच्या दारात उभ्या राक्षसांचे फोटो पाठवले. असे बारा राक्षस आहेत तिथं, त्यातल्या एकाचं नाव गाईडनं सांगितलं मैयाराब. मी बघितलं आणि अंगावर काटा आला, अहो हा तर आमचा महिरावण! त्यांच्या रामकियेनमध्ये, म्हणजे थायलंडच्या रामायणात, पण तो पाताळाचा राजा, झोपेची पूड फुंकून सगळ्या सैन्याला झोपवतो, मारुती कमळाच्या देठातनं खाली उतरतो, वाटेत त्याला त्याचा मुलगा अडवतो, आणि राजाचा जीव असतो एका भुंग्यात. भुंगा इथं पण आणि भुंगा तिथं पण. आणि तिथं त्याला देवळाच्या दारात राखणीला उभा केलाय. विमानतळावर सुद्धा ह्याच बाराजणांचे पुतळे आहेत म्हणे, येणाऱ्या जाणाऱ्यानं बघावेत म्हणून. आणि आपण इथं म्हणतोय त्याचं नाव काढू नका.

समर्थांच्या अकरा मारुतींपैकी सात सातारा जिल्ह्यात, दोन सांगली जिल्ह्यात म्हणजे बहे आणि शिराळा, आणि राहिलेले दोन कोल्हापूर जिल्ह्यात. एवढं मारुतीचं राज्य आपल्या भागात, तर त्याच्या सगळ्यात अवघड लढाईची कथा आपल्याकडं नाही सांगायची तर कुठं सांगायची. पायाखाली कुणाला तरी दाबून उभे असलेले वीर मारुती तुम्ही पाहिले असतील. ती आकृती कोण असं विचारलं तर कुणी जंबुमाळी सांगतं, कुणी पनवती, कुणी पाताळदेवी. वाद राहू दे, पण निदान प्रश्न तरी पडायला हवा ना.

आणि सांगलीकरांनी तर हे बोलूच नये. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं ते सीतेच्या स्वयंवरावर, सांगलीच्या राजेसाहेबांच्या आश्रयानं. तोंडं रंगवून आरडाओरडा करत रंगभूमीवर धुडगूस घालणारे राक्षस ही त्या नाटकांची मोठी गंमत होती. राक्षस काढून टाका म्हटलं असतं तर त्या रात्री थेटरात बसलं असतं कोण?

माझी खरी कळकळ वेगळीच आहे. आमच्या पलीकडच्या गावात एक म्हातारे कीर्तनकार आहेत, ऐंशीच्या पुढचे, नाव लिहीत नाही कारण त्यांना विचारलेलं नाही. त्यांच्याकडं हे आख्यान साडेतीन तासांचं आहे, ओव्यांसकट, मकरध्वजाच्या लढाईला वेगळी चाल आणि भुंग्यांना वेगळी. चार वर्षं झाली, त्यांना हनुमान जयंतीला फारसं कुणी बोलवत नाही. बोलवलं तर सांगतात महाराज पाऊण तासात आटपा, पुढं डीजे आहे. मागच्या वर्षी त्यांनी पाऊण तासात जेमतेम मारुतीला पाताळाच्या दारात नेला आणि तिथंच आरती झाली. राम लक्ष्मण आतच राहिले हो. मी घरी येऊन रडले.

नातवाला मोबाईलवर परदेशातले जादूगार राजे सगळे पाठ आहेत, कुणाचा जीव कशात आहे, कुणाला कुठल्या लेव्हलला मारायचा, सगळं. त्याला मी परवा भुंग्यांचं सांगितलं तर मोबाईल खाली ठेवून म्हणाला, आज्जी मग पुढं? एवढं एक वाक्य ऐकायला मी किती दिवस थांबले होते.

तर साहेब विनंती दोनच. एक, हनुमान जयंतीच्या आधीच्या रविवारी तुमच्या लहान मुलांच्या पानावर ही कथा पूर्ण छापा, अर्धी नको, आणि चित्र काढणाऱ्याला सांगा की नैवेद्याचा झरोका नक्की काढ. दुसरी, तुमचा एखादा वार्ताहर त्या कीर्तनकारांकडं पाठवा, मोबाईलवर का होईना पण साडेतीन तास सगळं रेकॉर्ड करून घ्या. मी सोबत येईन, चहा जेवण माझ्याकडं. त्यांचा आवाज अजून चांगला आहे, सकाळी जास्त चांगला असतो. फक्त पावसाळ्याच्या आधी या, पुढं नदीला पाणी आलं की आमच्याकडचं जाणं येणं काही सांगता येत नाही.

आपली,
एक वाचक, निवृत्त अंगणवाडी सेविका
ता. वाळवा, जि. सांगली