बाबा, रस्त्यालगतचा तुकडा विकू नका

लेटरकेनी, काऊंटी डोनेगल
१६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही रस्त्यालगतच्या तुकड्याचं काढलंत आणि नेमकी लाईन गेली. गेली ते बरंच झालं. मी नुसतं "नको हो बाबा" म्हटलं असतं आणि पोरगी भिडेखातर नको म्हणतेय, असं समजून तुम्ही दुसऱ्या दिवशी पुण्याच्या पार्टीकडून विसार घेऊन मोकळे झाला असतात. म्हणून सविस्तर लिहिते. आईला वाचून दाखवा, चष्मा सापडत नाही म्हणून ती अर्धं पत्र सोडून देते.

जमीन विकून मला इथे घर घ्यायला पैसे द्यायचे, हा तुमचा विचार. पण इथे घर घेणं म्हणजे काय प्रकरण आहे, ते आधी ऐका.

डोनेगल हा आयर्लंडचा वायव्य कोपरा. क्षेत्रफळ ४,८६१ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या सिंधुदुर्गाएवढं. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत साडेआठ लाख माणसं होती, इथे २०२२ च्या जनगणनेत १ लाख ६७ हजार. तिन्ही बाजूंनी अटलांटिक आणि उत्तर आयर्लंडची हद्द. उरलेल्या देशाला हा जिल्हा एका चिंचोळ्या पट्टीने कसाबसा चिकटलाय, त्यामुळे राजधानीला आपली आठवण फक्त मतं मागताना होते, ही तक्रार इथल्या प्रत्येकाच्या तोंडी. ओळखीची वाटते ना? रेल्वे तर नाहीच. आपल्याकडे कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण झाली, यांच्याकडची शेवटची गाडी १९५९ च्या ३१ डिसेंबरला बंद पडली ती पडलीच. डब्लिनला जायचं तर बसने चार तास. आणि आपले पेशंट हद्द ओलांडून गोव्याला बांबोळीला जातात, तसे इथले कॅन्सरचे कितीतरी पेशंट हद्दीपलीकडे डेरीला जातात.

पोटापाण्याचंही आपल्यासारखंच. पिढ्यान् पिढ्या इथली माणसं बटाटे काढायला स्कॉटलंडला जायची, ग्लासगोत मजुरी करून घरी पैसे पाठवायची. आपल्याकडे मुंबईची मनिऑर्डर, इथे ग्लासगोची. मग कारखाने आले. बंक्रानाला टी-शर्ट शिवण्याचा मोठा कारखाना होता, गावच्या गावं त्यावर जगत होती. मजुरी मोरोक्कोत स्वस्त पडते म्हटल्यावर तो टप्प्याटप्प्याने बंद झाला. आता आधार सरकारी नोकऱ्यांचा, हॉस्पिटलचा आणि आमच्यासारख्या ऑफिसांचा. आमचं ऑफिस अमेरिकन विमा कंपनीचं होतं, ते २०२० मध्ये टाटांच्या टीसीएसकडे आलं. बाबा, तुम्ही गावभर "टाटांकडे आहे" म्हणून सांगता ते एका अर्थी खरंच आहे, त्यामुळे मी काही बोलत नाही.

आई, तू मासळीचं विचारलं होतंस. किलीबेग्स हे देशातलं सगळ्यात मोठं मासेमारी बंदर याच जिल्ह्यात. मुख्य मासळी बांगडा, पण आपला नव्हे. हा लांबोडका, पाठीवर काळे वेडेवाकडे पट्टे, तेल भरपूर. तिरफळ घालून केला की चालतो. गंमत म्हणजे बंदर एवढं मोठं, पण ताजा बांगडा मिळवायला ओळख लागते. बहुतेक माल गोठवून जपान, इजिप्त, नायजेरियाला जातो. ब्रेक्झिटच्या करारात आयर्लंडच्या बांगड्याच्या कोट्याला मोठी कात्री लागली, आणि आता यंदाच्या सप्टेंबरअखेर शास्त्रज्ञांनी सल्ला दिलाय की २०२६ साली एकूण पकड ७० टक्क्यांनी कमी करा. नॉर्वे, ब्रिटन, आइसलंड, फेरो बेटं यांचं वाटणीवरून कधी जमलंच नाही, जो तो आपल्या मर्जीने ओढत राहिला, आणि मासळीची वाट लागली. मालवणच्या बंदरावर पर्ससीनवाले आणि रापणवाले यांच्यात जे चालतं, तेच हे, फक्त बोटी मोठ्या. किलीबेग्सच्या मासळी कारखान्यांतली माणसं या हिवाळ्यात काळजीत आहेत.

आता घराचं. भाडं डब्लिनच्या निम्म्याच्या आसपास, पण भाड्याने घर मिळायला हवं ना! किनाऱ्यावर गावागावांत हॉलिडे होम्स आहेत. डाउनिंग्जसारख्या गावात उन्हाळ्यात हद्दीपलीकडची माणसं येतात, आणि आता नोव्हेंबरात अख्ख्या ओळीत एखाद्याच खिडकीत दिवा. तिथल्या शाळेतल्या शिक्षिकेला मात्र खोली मिळत नाही. २०२२ नंतर युक्रेनमधून आलेल्या लोकांना सरकारने हॉटेलांत आणि रिकाम्या जागांत ठेवलं, त्यावरून कुरबुर असते. माझ्या मते ती चुकीच्या माणसांवर निघते. घरं त्याआधीही नव्हती.

पण खरी गोष्ट पुढेच आहे, आणि बाबा, बांधकाम खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ती माझ्यापेक्षा जास्त समजेल. १९९० नंतर, देशात पैसा खेळू लागला तेव्हा, इथे काँक्रीटच्या ब्लॉकचे ऐसपैस बंगले धडाधड उठले. त्यातल्या हजारो घरांच्या ब्लॉकमध्ये वापरलेली खडीच सदोष निघाली. तिच्यात अभ्रक होतं. अभ्रकाचे पापुद्रे पाणी धरतात, सिमेंटची पकड बसू देत नाहीत, आणि वर थंडीत ते पाणी गोठतं. पुढे संशोधकांनी दाखवलं की पायरोटाइट नावाचं लोह आणि गंधकाचं खनिजही आहे. ते हवा-पाण्याने ऑक्सिडाइज होतं आणि त्यातून तयार होणारे सल्फेट सिमेंटलाच आतून खातात. सरकारी तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१७ ला आला, तोवर कितीतरी घरांच्या भिंती उभ्या फाटल्या होत्या.

आमच्या पलीकडच्या गल्लीत तुमच्याच वयाचं एक जोडपं राहतं. मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे चहाला गेले होते. बाहेरून रंग अगदी स्वच्छ. काकांनी मला कोपऱ्यावर नेलं. खिडकीच्या खालून जोत्यापर्यंत तडा, त्यात त्यांनी घराची किल्ली अर्धी आत घालून दाखवली. गिलावा सुटला होता तिथला ब्लॉक बोटाने खरवडला तर खारी बिस्किटासारखा हातात आला. आत उत्तरेकडच्या दोन खोल्या त्यांनी बंदच केल्यात. हॉलमध्ये पलंग आणून ठेवलाय, दाराच्या फटीत टॉवेल. दरवर्षी उन्हाळ्यात ते भेगा बुजवून रंग देतात. मी विचारलं, कशाला? तर काकू म्हणाल्या, रस्त्यावरून जाणाऱ्यांनी बघू नये म्हणून. गेल्या जानेवारीत एओविन वादळ आलं, देशभरात साडेसात लाखांहून जास्त ठिकाणी वीज गेली, त्या रात्री हे दोघं मुलीकडे जाऊन राहिले. तौक्तेच्या रात्री आपण कौलं मोजत बसलो होतो, पण भिंतींची काळजी आपल्याला नव्हती.

सरकारची योजना आहे. आधी खर्चाच्या ९० टक्के देत होते. म्हणजे ज्याची काहीच चूक नाही त्याने स्वतःचं घर पाडून परत बांधायला दहा टक्के खिशातून घालायचे. लोक भडकले, २०२१ मध्ये हजारोंनी बसगाड्या भरून डब्लिन गाठलं. मागणी एकच, शंभर टक्के भरपाई. मग २०२२ चा नवा कायदा आला, कमाल ४ लाख २० हजार युरो, तीच गेल्या वर्षी ४ लाख ६२ हजार झाली. तरी रक्कम घराच्या क्षेत्रफळावर ठरलेल्या दराने मिळते, आणि पाया त्यात नाही. बाबा, तुम्हीच सांगा, वरचा ब्लॉक सडका निघाला तर त्याच खडीच्या पायावर नवी भिंत कोण चढवेल? इथल्या लोकांचाही नेमका हाच प्रश्न. या एका प्रश्नावर 'हंड्रेड पर्सेंट रिड्रेस' नावाचा पक्ष निघाला, २०२४ ला जिल्हा कौन्सिलवर त्यांचे चार जण निवडून आले आणि वर्षअखेरीस चार्ल्स वॉर्ड थेट संसदेत गेले. आई, लिओ वराडकर मूळचे आपल्याच तालुक्यातल्या वराडचे, हे मी इथे मोठ्या तोऱ्यात सांगायला गेले की लोक आधी ब्लॉकवरून माजी पंतप्रधानांना चार शब्द ऐकवतात. मी आपली गप्प बसते.

तर मुद्दा असा. त्या काळातलं कुठलंही घर विकत घ्यायचं तर भिंतीतून नळीसारखे नमुने कापून काढून प्रयोगशाळेत त्यांची चाचणी करावी लागते. त्याचा दाखला नसेल तर बँक कर्जाला हात लावत नाही. दाखला चांगला असलेल्या घरावर दहा गिऱ्हाइकं तुटून पडतात. अगदी नवं घर घ्यावं तर इथे नवी बांधकामंच थोडी, कारण बांधणारे सगळे पडलेली घरं परत उभी करण्यात गुंतलेत. कर्ज वर्षाच्या पगाराच्या चौपटीपर्यंत मिळतं आणि किमतीच्या दहा टक्के आपले लागतात. ते दहा टक्के आमचे जमत आलेत. त्यामुळे तुकडा विकून तुम्ही जे द्याल त्याने आमची अडचण सुटत नाही. अडचण पैशाची कमी आणि धड भिंतीची जास्त आहे. आणि तुकडा एकदा गेला की तिथे कुंपण पडणार, वर्षात पंधरा दिवस उघडणारा बंगला होणार, बोअर मारून आपल्या विहिरीचं पाणी खाली नेणार. डाउनिंग्जमध्ये मी रोज बघतेय ते आपल्या वाडीत मला नको.

तुमच्या जावयांनी एक घर हेरलंय. शंभरेक वर्षांचं दगडी घर, अर्डाराच्या वाटेवर, बरीच वर्षं बंद. ब्लॉकच्या जमान्याच्या आधीचं, म्हणून त्याला ती कीड नाही. दोन हात जाड भिंती, सांध्यांत चुना, वर स्लेटच्या पाट्या. पडीक घर राहतं करायला सरकार ७० हजार युरोपर्यंत अनुदान देतं, पण काम झाल्यावर, आधी आपले घालायचे. ओल मात्र भयंकर आहे. कोणीतरी मागे बाहेरून सिमेंटचा गिलावा मारून ठेवलाय, आणि आतल्या बाजूला कंबरेइतक्या उंचीपर्यंत भिंत हिरवी.

इथे बाबा, मला तुमची गरज आहे. तुम्ही जुन्या डाक बंगल्यांच्या चुन्याच्या भिंती दुरुस्त केल्या आहेत. तो सिमेंटचा थर आधी सगळा उतरवायचा की एक बाजू उतरवून भिंत वाळू द्यायची? एवढ्या पावसाळी हवेत चुना धरायला किती दिवस द्यावे लागतील? इथला माणूस म्हणतो सगळं काढून टाका, त्याचं बिलही त्याच हिशेबाने आहे. मी फोटो आणि मापं ताईच्या मुलाच्या व्हॉट्सॲपवर पाठवते, तुम्ही मोठे करून बघा आणि वहीवर लिहून कळवा. घाई नाही, मार्चपर्यंत आम्ही काही सही करत नाही.

आणि दोघंही जूनमध्ये याच. हिवाळ्यात मुळीच नको, आता चारनंतर काळोख पडतो आणि आईचे गुडघे बोलायला लागतील. जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो. व्हिसा ब्रिटिश-आयरिश योजनेतला असला म्हणजे एकाच व्हिसावर डेरीलाही जाता येईल. तिथे भारतीय सामान बरं मिळतं. कागदांची यादी मी वेगळी पाठवते. आई, कोकम आण, लोणचं नको, मागच्या खेपेला बरणी बॅगेत फुटली होती.

पुण्याच्या पार्टीला या आठवड्यातच नाही म्हणून सांगा. तुम्हाला जड जात असेल तर नंबर द्या, मी बोलते.

तुमची,
बाय