सोनं प्रकाश पकडतं, पण खातं पण

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला नॅनो सरफेसवरचा, म्हणजे प्रकाशाला खेळवणाऱ्या अतिसूक्ष्म रचनांच्या पृष्ठभागांवरचा, लेख वाचला. विषय घेतलात ते बरंच केलंत, एरवी मराठी पेपरात विज्ञान म्हणजे ग्रहण नायतर नवा मोबाईल. पण सोन्याचे नॅनोकण प्रकाश पकडून ठेवतात एवढंच लिहून सोडलंय, ते अर्धं झालं.

सोनं प्रकाश पकडतं, आणि पकडला की खातं पण. धातूतले इलेक्ट्रॉन प्रकाशासोबत डोलतात, डोलताना आपटतात, आणि प्रकाशाची उष्णता होऊन जाते. मी फोंड्याला फिजिक्स शिकवतो, चवथीला आरतीत घुमट (मातीचं, दोन तोंडांचं वाद्य) वाजवतो, तेव्हा पोरांना सांगतो तेच इथे लिहितो: देवळातली घंटा वाजवून सोडली की कितीतरी वेळ घुमते, नुसतं बोट लावा, गप्प. सोन्यातला रेझोनन्स, म्हणजे ठरावीक रंगाच्या प्रकाशाचं असं घुमणं, ही बोट लावलेली घंटा.

म्हणून लोक सिलिकॉनकडे वळले. काही शे नॅनोमीटरचे खांब रांगेत उभे करायचे; फायबरमध्ये चालतो त्या १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाला सिलिकॉन जवळजवळ खातच नाही. डोळ्याला दिसणारा प्रकाश मात्र ते पण खातं, तिथे टायटॅनियम डायॉक्साईड, आपल्या पांढऱ्या रंगात असतं तेच.

पण न खाणं पुरत नाही, प्रकाश बाहेर गळतो पण. खरी गंमत इथे आहे. खांबांतून बाहेर निघणाऱ्या लहरी एकमेकींना अशा मारतात की दार उघडं असून प्रकाशाला बाहेर पडता येत नाही. फॉन नॉयमन आणि विग्नर या शास्त्रज्ञांनी १९२९ मध्ये क्वांटम गणितात हे मांडलं, भोकं पाडलेल्या पातळ थरात प्रकाशाचं असं अडकणं २०१३ मध्ये दिसलं. आता जे बाहेर पडत नाही ते बाहेरून आत तरी कसं जाणार? म्हणून खांब मुद्दाम जरासे तिरके ठेवतात. घुमटाच्या लहान तोंडावर डावा हात असतो ना, किंचित उघडला की आवाज बदलतो, तसंच समजा. तिरकेपणा निम्मा केला तर प्रकाश चौपट वेळ टिकतो, म्हणजे कागदावर. प्रत्यक्षात खांबाची भिंत खडबडीत राहते, प्रकाश तिथे विखुरतो आणि सगळी मेहनत त्यातच जाते.

सेन्सरला हेच, प्रकाश जास्त वेळ टिकणं, लागतं. रेणू येऊन चिकटला की रेझोनन्सचा रंग कणभर सरकतो, आणि त्या रंगाची रेघ जाडी असेल (प्रकाश कमी टिकला की ती जाडी होते) तर सरकलेली कळणारच नाही. हा भाग पण छापा.

लेखासोबतचा मोरपिसाचा फोटो मात्र आवडला, फक्त तिथे गणित उलटं आहे. तो रंग मेलॅनिन या काळपट रंगद्रव्याच्या काड्यांच्या रचनेतून येतो, आणि मेलॅनिन नको तो प्रकाश खातं म्हणून तर निळा इतका गडद दिसतो.

एक वाचक, फोंडा