थर्माकोलवर स्प्रे मारू नका हो!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवार पुरवणीत हॅलोविनची (३१ ऑक्टोबरचा तो भुताखेतांचा सण) सजावट घरी कशी करायची यावर अर्ध्या पानाचा मजकूर आला होता, तो माझ्या भाच्याने पुण्याहून व्हॉट्सॲपवर पाठवला आणि पाठोपाठ एक फोटो पाठवला, खाली नुसतं "मामा हे काय झालं??". मजकुरात लिहिलंय की थर्माकोलचं थडगं कापा आणि वरून करड्या रंगाचा स्प्रे मारा. पोराने मारला. थडग्याची चाळण झाली, कडा आत ओढल्या गेल्या, मधे मूठ जाईल एवढं भोक. सोसायटीतल्या पार्टीला दोन दिवस राहिलेले.

स्प्रेच्या डब्यात जो सॉल्व्हंट असतो तो थर्माकोल खातो, गणपतीचं मखर करताना ज्याने कुणी एकदा तरी फेव्हिकॉल संपला म्हणून रबरी सोल्युशन लावून बघितलंय त्याला हे सांगायची गरज नाही. लिहिणाऱ्याने स्वतः करून बघितलं नसावं एवढंच मी म्हणतो, राग नाही. आणि दुसरं म्हणजे महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे ना? मग मराठी पेपरात ही टीप कशी काय आली?

मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो, गेली सहा वर्षं आमच्या लॉनवर ही थडगी स्वतः करून लावतोय. इकडे आता विकतचं इतकं झालंय की विचारू नका, होम डेपो नावाच्या दुकानाने २०२० मध्ये बारा फुटी सांगाडा काढला, तीनशे डॉलरला, आमच्याच गल्लीत असे दोन उभे असतात. पण त्याच दुकानात चार पावलं पुढे गेलं की बांधकामाचं सामान असतं आणि खरी मजा तिथे आहे, हे मला शेजारच्या रिटायर्ड सुतार आजोबांनी दाखवलं.

भिंतीत उष्णता अडवायला गुलाबी किंवा निळा कडक फोम बोर्ड घालतात, तो घ्यायचा. थर्माकोलचाच भाऊबंद आहे, खोटं कशाला बोलू, पण दाणे नसतात, दाट असतो, त्यामुळे कटरने अक्षरं स्वच्छ कोरली जातात. चार बाय आठ फुटी, दोन इंच जाडीच्या एका शीटमधून दोन फूट रुंद आणि ३२ इंच उंच अशी सहा थडगी निघतात. वरचा भाग गोल कापा, कडा मुद्दाम तोडा, दगडाला कुठे सरळ कड असते? तडे सोल्डरिंगच्या गरम टोकाने ओढता येतात, पण ते उघड्यावर, कारण तो धूर चांगला नाही, मी पहिल्या वर्षी गॅरेजचं दार लावून बसलो होतो आणि रात्रभर डोकं धरून होतो.

मग रंग. आधी पाण्यातल्या (भिंतीला लावतात त्या) करड्या रंगाचे दोन हात, सगळीकडे, कोरलेल्या अक्षरांच्या आतसुद्धा. वाळलं की काळा रंग पाण्यात अगदी ताकासारखा पातळ करून वरून सोडायचा आणि लगेच फडक्याने टिपायचा, खाचांत काळं राहतं आणि शंभर वर्षांचा दगड तयार. खालच्या बाजूला स्पंजाने थोडा हिरवा ठोकला की शेवाळ. मजकूर आम्ही दर वर्षी एक नवीन कोरतो, सध्याचं सगळ्यांचं आवडतं "इथे चिरनिद्रा घेत आहे : आमचं डाएट, जन्म १ जानेवारी, मृत्यू ४ जानेवारी". अमेरिकन पोरांना वाचता येत नाही, ती विचारतात, आमची मुलगी भाव खात भाषांतर करून सांगते.

वाऱ्याचं मात्र बघा. फोम म्हणजे पतंग. जमिनीत सळई ठोकायची, थडग्याच्या मागे पीव्हीसी पाईपचा तुकडा चिकटवायचा आणि तो सळईवर वरून घालायचा, बस. (इथे सळई ठोकण्याआधी ८११ ला फोन करावा लागतो, खालून गॅसची लाईन जाते का ते येऊन खुणा करून देतात, फुकट.) ऑक्टोबरअखेरचं इथलं हवामान काही सांगता येत नाही, २०१२ ला सँडी वादळ आलं तेव्हा तर गव्हर्नरनी अख्खी हॅलोविनच ५ नोव्हेंबरवर ढकलली होती.

आता माझं सगळ्यात आवडतं, पुट्टीतलं भूत. जिप्सम बोर्डचे सांधे भरायची तयार पुट्टी बादलीत मिळते, ती पाच भाग आणि पाण्यातला रंग एक भाग, नीट घोटायचं. पाईप आणि एल्बो जोडून माणसाच्या उंचीचा सांगाडा करायचा, त्याला खांदे यावेत म्हणून कोंबड्यांची जाळी बांधायची (हातमोजे घालून, जाळीची टोकं बोटं फाडतात), आणि मग गोणपाट त्या मिश्रणात बुडवून निथळून सांगाड्यावर पांघरायचं, चुण्या हाताने पाडायच्या. वाळायला तीन चार दिवस लागतात, वाळलं की दगडासारखं कडक, फक्त पावसात ठेवायचं असेल तर वरून बाहेरच्या भिंतीचा रंग मारावा लागतो, नाहीतर पुट्टी पुन्हा मऊ पडते.

२०२४ ला हे चाललं होतं तेव्हा आई साताऱ्याहून आलेली होती. आणि त्या वर्षी ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी! पहाटे उटणं, संध्याकाळी ट्रिक ऑर ट्रीट, म्हणजे पोरं दारोदार चॉकलेट मागत फिरतात ते. आई म्हणाली, "सणाच्या दिवशी दारात थडगी? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" तिचं चुकीचं नव्हतं, मी सगळी थडगी उचलून लॉनच्या पार त्या टोकाला नेली, दारापाशी रांगोळी आणि पणत्याच ठेवल्या. पण गोणपाट बुडवताना मात्र ती बाहेर आली, बादलीत बोट घातलं आणि म्हणाली "हे कालवण झालंय, पिठल्याएवढं घट्ट कर, नाहीतर ओघळेल". ओघळलंच. दुसरी बादली तिने पदर खोचून स्वतः घोटली, आयुष्यभर सारवण केलेला हात तो. त्या महिन्यात इथे पाऊस जवळजवळ पडलाच नाही त्यामुळे वाळलंही झकास. संध्याकाळी पोरं आली तर आई दारात बसून चॉकलेटबरोबर चकल्या पण वाटत होती, भुताकडे बोट दाखवून "मी केलंय" असं मराठीतच सांगत.

पुण्यामुंबईत सोसायट्यांतून मुलं हे करतात, करू देत, दिवाळीचा किल्ला करणारी पोरं आहेत ती, पोतं आणि माती त्यांच्या हातात बसलेली आहे. त्यांच्यासाठी थडगं पुठ्ठ्याचं करा, तीन चार थर फेव्हिकॉलने चिकटवून वर पुट्टीचा हात. जॉइंट पुट्टी जिप्सम छताचं काम करणाऱ्यांकडे मिळते. पीओपी वापरू नका, गोणपाट बुडवून होईपर्यंत बादलीतच आवळतं. मेणबत्त्या हव्या असतील तर पाईपचे लहानमोठे तुकडे, वरून हॉट ग्लूचे ओघळ सोडायचे, पांढरा रंग, आणि आत सेलवर चालणारा दिवा, खरी ज्योत नाही.

एक प्रश्न मलाही पडतो, फोम बोर्ड तरी पर्यावरणाला कुठे चांगला आहे. नाहीच. कापताना खाली चादर अंथरून सगळा चुरा गोळा करतो, आणि पहिल्या वर्षीची सहाच्या सहा थडगी अजून गॅरेजमध्ये माळ्यावर आहेत, दर वर्षी फक्त रंगाचा हात.

तेवढी स्प्रेची दुरुस्ती पुढच्या रविवारी, त्याच पानावर आणि जरा दिसेल अशा अक्षरात छापा ही विनंती. भाच्याने ते चाळण झालेलं थडगंच शेवटी पार्टीत ठेवलं, मागून लाल बल्ब लावून, आणि भोकांतून येणाऱ्या उजेडाने म्हणे लहान पोरं जाम टरकली.

आपला,
एक जुना वाचक,
एडिसन, न्यू जर्सी