बेस आधी पोचतो, त्याचं काय?

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतला आफ्रो-क्यूबन जॅझवरचा लेख वाचला. ‘ठेका क्यूबाचा, हार्मनी (म्हणजे कॉर्डची, एकत्र वाजणाऱ्या स्वरांची, रचना) अमेरिकेची’ अशी सरळ वाटणी लेखकाने केली आहे. मी डबल बेस वाजवतो. मला ती पटली नाही.

तिला आधारच नाही असं नव्हे. 1947 मध्ये क्यूबन तालवादक चानो पोसोने अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीकडे ‘मंतेका’ ही रचना आणली. तिच्यात कॉर्ड जवळजवळ हलतच नव्हती. मधला सोळा बारांचा (बार म्हणजे इथे चार मात्रांचा तुकडा), कॉर्ड बदलत जाणारा भाग गिलेस्पीने जोडला. पण त्याआधीच, 1943 मध्ये, ‘तांगा’ रचणारा मारिओ बाउसा हवानाचाच, आणि चिक वेब, कॅब कॅलोवे यांच्या अमेरिकन जॅझ बँडमध्ये मुरलेला. त्याला कुठल्या रकान्यात टाकणार?

खरी गंमत तुंबाओ या बेसच्या चालीत आहे. बारची पहिली मात्रा बेस बहुधा वाजवतच नाही. दुसरीच्या उत्तरार्धावर एक स्वर आणि चौथीवर एक. हा चौथीवरचा स्वर पुढच्या बारच्या कॉर्डचा असतो! म्हणजे हार्मनी एक मात्रा आधीच येऊन बसते. तबल्यात समेच्या अलीकडे येऊन चकवतात, ते अनागत अधूनमधून येतं; इथे तो कायमचा मुक्काम. नवखा सोलोवादक ‘एक’ची वाट बघत राहतो आणि कॉर्ड निघून गेलेली असते.

वर क्लावे, सगळ्यांना बांधून ठेवणारा ठोक्यांचा साचा, आहेच. दोन बारांत पाच ठोके, तीन-दोन किंवा दोन-तीन. एकदा दिशा ठरली की ठोके तसेच चालू राहतात. सोलोतले सगळे स्वर कॉर्डमधले असूनही फ्रेज (स्वरांचं वाक्य) क्लावेच्या उलट्या अंगाला पडली, तर वादक म्हणतात, ‘क्रुसादो’. आडवं गेलं. आता हा दोष ठेक्याचा की हार्मनीचा, हे लेखकानेच सांगावं.

क्यूबन बेसवादक काचाओच्या 1957 च्या हवानातल्या देस्कार्गा (जमून केलेलं मोकळं वादन) ऐकाव्यात. रात्रीची कामं आटोपून आलेले वादक, मोजक्या कॉर्ड, आणि तेवढ्यावर प्रत्येकाने घेतलेली मोकळीक. कॉर्ड जास्त म्हणजे हार्मनी श्रीमंत, हा समज (जॅझवाल्यांतही तो आहेच) तिथे टिकत नाही.

पुढच्या लेखात पियानोच्या मोन्तुनोवर (पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या चालीवर) सविस्तर लिहावं, ही विनंती. पियानोवादक एडी पाल्मिएरीचा उल्लेख नसलेला लेख मात्र चालणार नाही.

आपला,
एक बेसवादक वाचक